भट्टाचार्यबाबूंच्या रकान्यातला शब्द

गोपनीय अहवाल टाइप करणाऱ्या बाईला ऑफिसात मैत्रिणी नसतात. नोकरीला लागले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन बायकांच्या टेबलाशी गेले की चाललेलं बोलणं थांबायचं, कुणीतरी "या दिदी, बसा" म्हणून खुर्ची पुढे करायचं आणि मग सगळ्याजणी हवेबद्दल बोलायच्या. कलकत्त्याच्या हवेबद्दल बोलण्यासारखं असतं काय? उकडतं. पाच मिनिटांत विषय संपायचा आणि उरलेला वेळ मी मान खाली घालून जेवायची.

डलहौसीजवळच्या एका केंद्र सरकारी कचेरीत मी स्टेनो होते. वडिलांची बदली कलकत्त्याला झाली, बालीगंजला बिऱ्हाड मांडलं आणि मला तिथेच नोकरी लागली. पुढे वडील निवृत्त होऊन पुण्याला परतले, मी मात्र राहिले. साठचं दशक संपत आलं होतं. रोज कुठे ना कुठे मोर्चा असायचा. ट्राम मध्येच थांबली की आम्ही उतरून उरलेला रस्ता चालत जायचो आणि उशिरा आल्याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण स्टेनो म्हणजे साहेब बोलतो आणि बाई टाइप करते एवढंच लोकांना माहीत असतं. सरकारी कचेरीत दरवर्षी प्रत्येक माणसाबद्दल त्याचा वरिष्ठ एक गुप्त अहवाल लिहितो. त्याचा छापील फॉर्म असतो. त्यात रकाने असतात: कामाचा उरक, वक्तशीरपणा, सचोटी, सहकाऱ्यांशी संबंध. साहेब दार बंद करून एकेका रकान्यात काय लिहायचं ते सांगतात. स्टेनो ते लघुलिपीत उतरवते, टाइप करते आणि वापरलेला कार्बन जाळून टाकते. शेरा चांगला असला तर फाइलीत झोपून राहतो. वाईट असला तर तो त्या माणसाला लेखी कळवावा लागतो आणि त्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर देता येतं. शेरा वाईट की बरा हे मुख्य कचेरीतले लोक ठरवतात. त्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेलं नसतं. ते फक्त शब्द वाचतात.

या कामाचा एकच नियम. साहेबाचं व्याकरण चुकलं तर सुधारायचं. मत चुकलं तर त्याला हात लावायचा नाही.

साहेब मी तऱ्हेतऱ्हेचे पाहिले. एक साहेब सरसकट सगळ्यांना ‘सिन्सिअर’ म्हणायचे. त्यात एकदा वर्षभर रजेवर असलेला माणूसही सिन्सिअर ठरला. दुसरे एक सांगता सांगता डोळे मिटायचे. ते विचार करताहेत की झोपलेत हे मला पेन्सिलचा आवाज करून पाहावं लागायचं. या सगळ्यांना इंग्रजी शब्द पुरवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. माझ्या टेबलावर वडिलांनी दिलेला जाडजूड कोश असायचा. अख्ख्या मजल्यावर तसा दुसरा नव्हता. माझ्या इंग्रजीचा मला माज होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

आणि मग देवधर साहेब आले. ते नागपूरकडचे. कलकत्त्याच्या त्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे केबिनचं दार लागलं की दोघांनाही माहेरी आल्यासारखं व्हायचं. कामाचं बोलणं दहा मिनिटं आणि मग कुठे चांगली ज्वारी मिळते, दिवाळीला भाजणी कुणाकडून आणायची, असं अर्धा तास. बाहेरच्या लोकांना त्यातलं अक्षर कळत नसे. त्यांना काय वाटत असेल याचा विचार आमच्या डोक्यात कधी आला नाही.

आमच्या कचेरीत भट्टाचार्य नावाचे एक वरिष्ठ कारकून होते. वय पन्नाशीच्या आसपास, धोतर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, भर उन्हाळ्यातही पायात मोजे, हातात छत्री. मसुदे लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साहेबांची सगळी पत्रं तेच लिहून द्यायचे. हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि ती त्यांनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. घरी बायको आणि लग्नाच्या दोन मुली. मोठीचं स्थळ ‘हेडक्लार्क झाल्यावर बोलू’ एवढ्यावर अडलेलं, असं बायकांच्या टेबलाशी पोचता पोचता कानावर पडलं होतं.

पण माणूस कुणात मिसळायचा नाही. ऑफिसात चहाचा क्लब होता. सगळ्यांचे चिनी मातीचे कप एकाच बादलीत विसळले जायचे आणि ज्याला जो हाताला लागेल त्यात तो प्यायचा. भट्टाचार्यबाबू मात्र खालच्या चहावाल्याकडून ‘भांड’मध्ये, म्हणजे एकदाच वापरायच्या मातीच्या कुल्हडात, चहा मागवायचे, भिंतीकडे तोंड करून प्यायचे आणि भांड स्वतः खाली नेऊन फोडून यायचे. तो चहा इतका कढत असायचा की कधी खाली प्यायलो तर आम्ही भांड या हातातून त्या हातात करायचो. ते मात्र सरळ मुठीत धरून बसायचे. दुर्गापूजेनंतर ऑफिस उघडलं की बिजोयाची भेट असते. सगळे पुरुष कोलाकुली करतात, म्हणजे एकमेकांना छातीशी धरतात, लहान मोठ्यांच्या पाया पडतात, तोंडात मिठाई घालतात. साहेब आणि शिपाई एका दिवसापुरते सारखे होतात. त्या दिवशी भट्टाचार्यबाबूंची रजा ठरलेली.

बंगाल्यांना ते नुसते विक्षिप्त वाटत. देवधर साहेबांना आणि मला मात्र ते चांगलेच ‘ओळखता’ आले. आपलं पाणी वेगळं, आपलं भांडं वेगळं, कुणाचा स्पर्श नको. आम्ही दोघंही सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेलो. असल्या माणसांच्या पंक्तीला लहानपणापासून बसलेलो.

"भट्टाचार्य म्हणजे ब्राह्मणच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो तर. अस्सल."

"तरीच. अहो, आमचे चुलते अस्सेच होते. बाहेरून आले की वर्तमानपत्रावरसुद्धा पाणी शिंपडायचे." आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

त्या वर्षीचे अहवाल सांगताना साहेब त्यांच्या रकान्याशी अडले. "काम उत्तम, सचोटी उत्तम. पण हे सहकाऱ्यांशी संबंध... अलिप्त आहेत, म्हणू या. ‘रिझर्व्हड’ लिहू का? फारच गुळमुळीत वाटतं. करंदीकरबाई, तुमच्या पोतडीतून काढा की एखादा."

मी क्षणाचाही विचार केला नाही. "‘स्टँड-ऑफिश’, साहेब."

"म्हणजे?"

"चार हात लांब राहणारा. फटकून वागणारा. आपण म्हणतो ना, शिष्ट."

"वा! झकास. हाच टाका."

साहेबांनी शाबासकी दिली आणि मी खुशीत टाइप केलं. आता कोशातही नसलेली एक गोष्ट सांगते. हा शब्द कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. स्वतःला माणूस मितभाषी म्हणतो, आपल्या भावाला अबोल म्हणतो, गुरुजींना अलिप्त म्हणतो. आणि अलिप्त म्हटलं की आपल्याकडे लोक हात जोडतात. ‘स्टँड-ऑफिश’ फक्त दुसऱ्याला म्हणायचं असतं, आणि म्हणणाऱ्याला वाटत असतं की त्याने मला कमी लेखलं. मुख्य कचेरीने तो शब्द वाचला, त्याखाली लाल रेघ मारली आणि शेरा वाईट ठरवला. ‘रिझर्व्हड’वर कुणी रेघ मारली नसती.

पाकीट आलं. भट्टाचार्यबाबूंच्या हाती ते द्यायचं आणि पोच घ्यायची हेही माझंच काम. त्यांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली, सही केली. चार दिवसांनी, बाकीचे जेवायला गेलेले पाहून ते माझ्या टेबलाशी आले.

"दिदी, उत्तर द्यायचं आहे. गोपनीय आहे म्हणून तुमच्याशिवाय दुसरं कुणी टाइप करू शकत नाही." मग खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "आधी मला या शब्दाचा अर्थ सांगाल? तुमच्याकडे मोठा कोश आहे."

मी कोश उघडला. मला अर्थ पाठ होता, पण त्यांच्याकडे बघून सांगवेना, म्हणून वाचून दाखवला.

"म्हणजे मी तुम्हा सगळ्यांना हलकं समजतो?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"लिहा," ते म्हणाले. मी वही ओढली. त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली: मी नम्रपणे कळवतो की सहकाऱ्यांपासून मी दूर राहतो हे खरं आहे, पण त्याचं कारण तुच्छता नाही. गेली सहा वर्षं मी एका दवाखान्यात उपचार घेतो आहे. आणि मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं.

महारोग.

माझी पेन्सिल थांबली. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मुठीत धरलेलं ते कढत भांड आठवलं आणि उमगलं: त्यांना चटका लागतच नव्हता. हे इतकी वर्षं आमच्या समोर होतं आणि आम्ही चुलत्यांच्या सोवळ्याच्या गोष्टी सांगून हसत होतो! पण त्या धक्क्यात मी जे केलं त्याचा धक्का मला आजही बसतो. मी खुर्ची मागे घेतली. ठरवून नाही, पाय आपोआप रेटले गेले. फरशीवर कर्रकन आवाज झाला.

भट्टाचार्यबाबू उठून उभे राहिले. रागावले नव्हते. "हेच, दिदी," ते म्हणाले. "हे कुणाला करावं लागू नये, म्हणून. डॉक्टर म्हणतात, आता माझ्यापासून कुणाला होणार नाही. म्हणतात खरं. पण माझ्या कपातून उद्या दत्तबाबू चहा प्याले आणि परवा त्यांच्या पोरीच्या गालावर डाग उठला, तर मी कुठे जाऊ? बिजोयाला छातीशी छाती लावायची, म्हणून रजा घेतो. त्या दिवशी घरी बसून फार वाईट वाटतं."

"मग हे सगळं लिहू या ना," मी म्हटलं.

"लिहिलं तर नोकरी जाईल. मुलींची लग्नं होणार नाहीत. नाही लिहिलं, तर फक्त हेडक्लार्क होणार नाही." ते थोडे हसले. "उत्तर नको. तो कागद मला द्या."

मी वहीतून पान फाडलं. हातात द्यायचं सोडून टेबलाच्या कडेला ठेवलं. त्यांनी ते उचललं, घडी करून खिशात घातलं आणि गेले. मी नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिथेच रडायला लागले. ज्या शब्दाचा अर्थ मी त्यांना वाचून दाखवला होता, तो पाच मिनिटांत मी त्यांच्यासमोर करून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी देवधर साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, भट्टाचार्यबाबूंचा तो शब्द मागे घेता येईल का? चुकीचा आहे."

"चुकीचा? तुम्हीच तर दिलात!"

"म्हणूनच म्हणते."

"कारण काय देऊ?"

कारण मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. साहेब म्हणाले, "करंदीकरबाई, सही माझी आहे. आज शब्द फिरवला तर उद्या सगळे दारात उभे राहतील." त्यांचंही खोटं नव्हतं. हेडक्लार्कची जागा भट्टाचार्यबाबूंपेक्षा आठ वर्षांनी लहान माणसाला मिळाली. मुलीचं ते स्थळ मोडलं.

पुढे देवधर साहेबांची बदली झाली, पण शब्द कचेरीतच राहिला. नवा साहेब आला की तो मागच्या वर्षीचा अहवाल काढून वाचतो आणि बहुधा तेच सांगतो. डोकं चालवायला वेळ कुणाला असतो? तीन वर्षं मी तो शब्द टाइप केला, तीन वर्षं लाल रेघेचं पाकीट भट्टाचार्यबाबूंच्या हातात दिलं, तीन वर्षं त्यांनी पोच दिली. पाकीट देताना मी आता त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची. त्याचा त्यांना काय उपयोग होता?

मग मल्होत्रा साहेब आले. दिलखुलास माणूस, कागदाचा कंटाळा. त्यांनी अख्खा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "मिस करंदीकर, जो पिछले साल था, वही लिख दीजिए. मैं साइन कर दूँगा."

त्या दिवशी मी माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. भट्टाचार्यबाबूंच्या रकान्यात मी माझ्या मनाचं लिहिलं: मितभाषी, सहकाऱ्यांची मनापासून काळजी घेणारे. साहेबांनी न वाचता सही ठोकली. पुढल्या वर्षीही तेच केलं. पकडले गेले असते तर नोकरी गेली असती. दोन वर्षं पाकीट आलं नाही. हेडक्लार्कची जागा पुन्हा रिकामी झाली आणि पूजेच्या थोडं आधी बढत्यांची यादी लागली. हेडक्लार्क: भट्टाचार्य.

त्या वर्षी बिजोयाच्या दिवशी मी पाहिलं ते माझ्या डोळ्यांना खरं वाटेना. भट्टाचार्यबाबू कचेरीत हजर. नवं धोतर, हातात संदेश मिठाईचा पुडा. ते सरळ मल्होत्रा साहेबांकडे गेले, छत्री भिंतीला टेकवली आणि साहेबांना त्यांनी छातीशी धरलं. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, पुन्हा एकदा. अख्खं ऑफिस अवाक होऊन बघत होतं. साहेबांनीही मोकळेपणाने मिठी मारली. मग केबिनमध्ये आल्यावर मला हळूच विचारलं, "वो छातेवाले बाबू कौन हैं?" ते छत्रीवाले बाबू कोण! मला हसू आवरेना. दोन वर्षं ज्याच्या अहवालावर सही केली तो माणूस त्यांना ठाऊक नव्हता!

त्यानंतर भट्टाचार्यबाबू क्लबच्या कपातून चहा प्यायला लागले. दवाखान्याने उपचार पूर्ण झाल्याचा कागद दिलाय, असं त्यांनी मला एकदाच, जाता जाता सांगितलं. धाकटीचं लग्न झालं. मोठीचं राहिलं ते राहिलंच. माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलं होतं. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होते.

ते निवृत्त झाले तो दिवस. रजनीगंधाचा हार झाला, भाषणं झाली. दुपारी ते कप घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि त्याच खुर्चीवर बसले, या वेळी पूर्ण टेकून. मला राहवलं नाही.

"भट्टाचार्यबाबू, तो शब्द माझा होता. साहेबांना मी दिला होता."

"जानि," ते म्हणाले. मला माहीत आहे. "देवधर साहेबांचे मसुदे मी लिहायचो. त्यांच्या इंग्रजीत तो शब्द नव्हता. कोश तुमच्या टेबलावर होता."

मी थक्क झाले. "मग अर्थ विचारायला माझ्याकडेच का आलात?"

"ज्याने लिहिलं त्यालाच विचारावं ना?" ते हसले. "जाऊ द्या, दिदी. झालं गेलं गंगेला मिळालं."

ती माफी ऐकून माझा जीव इतका हलका झाला की तोंडाला कुलूप राहिलं नाही. "आणि तो काढला, तोही मीच! मल्होत्रा साहेबांनी गेल्या वर्षीचंच लिहायला सांगितलं होतं. मी बदललं. त्यांनी वाचलंसुद्धा नाही!" मला वाटलं, आता ते खूश होतील.

त्यांनी कप खाली ठेवला.

"वाचलं नाही?"

"नाही."

"मला वाटलं..." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "पाकीट आलं नाही, तेव्हा मला वाटलं, या माणसाने मला पाहिलं. मी काही न सांगता, लांबून पाहिलं आणि ओळखलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. म्हणून तर त्या बिजोयाला... अकरा वर्षांनी पहिल्यांदा मी कुणाला हात लावला होता, दिदी."

एकदा शब्द लिहून मी त्यांचं नुकसान केलं होतं. आता, स्वतःचं मन हलकं करायला, निरोपाच्या दिवशी दुसऱ्यांदा केलं. त्यांना जवळ करणारा एकच माणूस होता, आणि तोही मी काढून घेतला.

त्यांनी विचारलं, "कोलाकुलीनंतर साहेब काही म्हणाले होते? माझ्याबद्दल?"

वो छातेवाले बाबू कौन हैं.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "म्हणाले, फार मोठ्या मनाचा माणूस आहे."

भट्टाचार्यबाबूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग छत्री उचलली, लांबूनच हात जोडले.

"हेही तुम्हीच लिहिलंत, दिदी," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.